धूर तपासणारा कोणाचा माणूस? : एका परवान्याचा इतिहास

१/ पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी असलेली व्हॅन, सायलेन्सरमध्ये घातलेली नळी आणि काही मिनिटांत हाती पडणारा पीयूसीचा कागद. हा व्यवहार भारतातील प्रत्येक वाहनधारकाच्या परिचयाचा आहे. त्यामागे मात्र एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. धूर तपासण्याचा परवाना कोणाला द्यावा, किती जणांना द्यावा, आणि परवानाधारकाला त्याशिवाय दुसरा कोणता धंदा करू द्यावा? या प्रश्नावरून अमेरिकेत राज्ये केंद्राशी भांडली आणि मेक्सिकोत शेकडो गॅरेजांचा तपासणीचा हक्क गेला. त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/ सुरुवात लॉस एंजेलिसपासून करावी लागते. २६ जुलै १९४३ रोजी शहरावर दाट, डोळे झोंबवणारे धुके उतरले. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला असावा अशी भीती अनेकांना वाटली. मग संशय शहरातील एका कृत्रिम रबराशी संबंधित कारखान्यावर गेला. कारखाना काही काळ बंद ठेवण्यात आला, तरी धुके येतच राहिले. शत्रू बाहेरचा नव्हता आणि एकाच धुराड्यात बसलेलाही नव्हता.

३/ कोडे उलगडले ते आरी हागेन-स्मित या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ते अननसाच्या सुगंधातील द्रव्यांचा अभ्यास करीत होते. तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावले. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले की मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो. म्हणजे दोषी होती ती शहरातील लक्षावधी कुटुंबांची आवडती मोटार.

४/ पुढची पावले उत्पादकांच्या दिशेने पडली. कॅलिफोर्नियाने १९६६ च्या मोटारींसाठी सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराची मर्यादा घातली. १९६७ मध्ये तेथे हवा संसाधन मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मित त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने नव्या मोटारींचे मुख्य प्रदूषक सुमारे नव्वद टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठेवले. १९७५ च्या मोटारींपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायूंचे रूपांतर करणारे उपकरण, सर्रास बसू लागले.

५/ परंतु कारखान्याच्या दारात स्वच्छ असलेली मोटार रस्त्यावर कायम स्वच्छ राहतेच असे नाही. प्लग झिजतात, कार्ब्युरेटरचे ट्यूनिंग बिघडते. शिसेयुक्त पेट्रोल कन्व्हर्टर निकामी करते, आणि त्या काळी ते शिसेविरहित पेट्रोलपेक्षा स्वस्त होते. म्हणून अनेक मालक टाकीचे अरुंद तोंड मोठे करून घेत व तेच भरत. कायद्याने कारखानदाराला बांधले होते. मालकाला बांधायचे तर वापरातल्या गाडीची वेळोवेळी तपासणी करणे भाग होते.

६/ न्यू जर्सीने १९७४ मध्ये धूरतपासणी सक्तीची केली. १९७७ च्या कायदादुरुस्तीने, ठरलेल्या मुदतीत हवा सुधारू न शकणाऱ्या शहरी भागांवर अशी तपासणी लादली. येथे राज्यांपुढे दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे मोजकी मोठी केंद्रे, जिथे केवळ तपासणी होईल. दुसरी म्हणजे हजारो खासगी गॅरेजांना परवाने, जिथे तपासणीही होईल आणि दुरुस्तीही. पहिली वाट न्यू जर्सीने धरली होती. तेथे सरकारी तपासणी मार्गिका आधीपासूनच होत्या.

७/ कॅलिफोर्नियाने दुसरी वाट निवडली. १९८४ मध्ये तेथे ‘स्मॉग चेक’ सुरू झाले. परवाने वाहनदुरुस्ती विभागाकडून मिळत आणि तपासणी गल्लोगल्लीच्या गॅरेजांत होई. युक्तिवाद पटण्याजोगा होता. केंद्र घराजवळ असेल, दोष सापडला तर तिथेच दुरुस्ती होईल, मालकाचे हेलपाटे वाचतील, लहान धंदेवाल्याला काम मिळेल आणि सरकारला इमारती बांधाव्या लागणार नाहीत. गॅरेजांच्या आपसातील स्पर्धेमुळे शुल्कही आटोक्यात राहील, अशी अपेक्षा होती.

८/ घोडे अडले ते नेमके स्पर्धेपाशी. केशकर्तनालये वाढली तर केस चांगले कापले जातात, कारण गिऱ्हाइकाला चांगलेच केस कापून हवे असतात. धूरतपासणीत गिऱ्हाइकाला अचूक तपासणी नको असते, ‘पास’ असा शिक्का हवा असतो. अचूकतेचा लाभ होतो तो त्याच हवेत श्वास घेणाऱ्या इतरांना, आणि ते काही शुल्क भरायला येत नाहीत. अशा बाजारात स्पर्धा असते ती ढिलाईची. जो कडक, त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाते.

९/ शंका उलट दिशेनेही होती. दुरुस्तीचे पैसे मिळावेत म्हणून गॅरेजवाला चांगली गाडी नापास करील, असेही अनेकांना वाटे. थॉमस हबर्ड या अर्थतज्ज्ञाने कॅलिफोर्नियातील तपासण्यांची आकडेवारी अभ्यासून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडला. खासगी तपासनीस बहुधा गाडी पास होण्यासच मदत करतात, असे त्याला दिसले. एका दिवसाच्या दुरुस्तीपेक्षा कायमचे गिऱ्हाईक अधिक मोलाचे असते, हे गॅरेजवाला पुरते ओळखून होता.

१०/ अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचेही मत तोवर असेच बनले होते. १९९० मध्ये स्वच्छ हवा कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि सर्वाधिक प्रदूषित शहरांसाठी ‘वर्धित’ तपासणी सक्तीची ठरली. नोव्हेंबर १९९२ मध्ये संस्थेने नियम काढले. त्यांतील एक तरतूद वादळी ठरली. तपासणी व दुरुस्ती एकाच छताखाली करणाऱ्या व्यवस्थेला केवळ तपासणी करणाऱ्या व्यवस्थेच्या निम्मेच श्रेय मिळणार होते. पुरेसे श्रेय नसेल तर राज्याची हवा-योजना नामंजूर होणार होती, आणि नामंजुरीच्या मागे महामार्ग निधी रोखण्याची टांगती तलवार होती.

११/ सोबत नवी चाचणीही आली, २४० सेकंदांची. जुन्या पद्धतीत गाडी जागेवर उभी असताना, इंजिन मंद गतीने चालू ठेवून धूर मोजला जाई. नव्या पद्धतीत गाडी रुळांवर चढवून रस्त्यावर चालवावी तशी चालवायची आणि बदलत्या वेगातले प्रदूषण मोजायचे. ही यंत्रणा अतिशय महाग होती, गल्लीतल्या गॅरेजाला न परवडणारी. परवान्याची संख्या कायद्याने कमी केली नसती, तरी यंत्राच्या किमतीने ती कमी झालीच असती.

१२/ लोकक्षोभ उसळला. मेन राज्यात केंद्रे जुलै १९९४ मध्ये सुरू झाली आणि जनतेच्या संतापापुढे काही आठवड्यांतच स्थगित झाली. पेनसिल्व्हेनियाने एका कंपनीशी करार करून केंद्रे बांधवून घेतली आणि मग माघार घेतली. त्या माघारीपायी राज्याने १९९५ मध्ये त्या कंपनीला १४ कोटी ५० लाख डॉलर भरपाई मान्य केली. टेक्सासमध्ये १९९५ च्या आरंभी विधिमंडळाने नवा कार्यक्रम थांबवला, ठेकेदार न्यायालयात गेला, आणि तेथेही राज्याच्या तिजोरीला भुर्दंड पडला. गाडी नापास झाली की दुरुस्तीसाठी एकीकडे आणि फेरतपासणीसाठी दुसरीकडे धावायचे, ही कल्पनाच मतदारांना असह्य वाटली.

१३/ कॅलिफोर्नियात हजारो परवानाधारक गॅरेजे होती, म्हणजे तितकेच संघटित विरोधक. १९९४ मध्ये केंद्र व राज्य यांच्यात तडजोड झाली. जास्त प्रदूषण करण्याचा संभव असलेल्या गाड्या ‘केवळ तपासणी’ केंद्रांकडे पाठवायच्या, बाकीच्या पूर्वीप्रमाणे गॅरेजांत. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, काँग्रेसने राष्ट्रीय महामार्गांविषयीच्या कायद्यात एक कलम घालून निम्म्या श्रेयाचा सरसकट नियमच मोडीत काढला. हितसंबंध वेगळे ठेवण्याचे तत्त्व कोणी खोटे ठरवले नव्हते. ते गैरसोयीचे होते, एवढेच.

१४/ विरोधकांचे सगळेच म्हणणे मात्र चुकीचे नव्हते. डेन्व्हर विद्यापीठातील डोनाल्ड स्टेडमन यांनी रस्त्याकडेला उपकरण ठेवून जाणाऱ्या गाड्यांचा धूर मोजला. कार्बन मोनॉक्साइडचा निम्म्याहून अधिक भार सुमारे दहा टक्के गाड्यांमुळे असतो, असे त्यांना आढळले. मग नव्वद जणांना हेलपाटे का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण याच आकड्याची दुसरी बाजूही आहे. त्या दहा टक्क्यांच्या मालकांनाच ढिल्या तपासनिसाची सर्वाधिक गरज असते. शंभरातले पंधरा तपासनीस जरी मिंधे निघाले, तरी त्या दहा गाड्यांना तेवढे पुरेसे असतात.

१५/ जे अमेरिकेत जमले नाही ते मेक्सिको सिटीने करून पाहिले. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात हे शहर वसले आहे. विरळ हवेत इंधन नीट जळत नाही आणि डोंगरांमुळे धूर बाहेर पडत नाही. १९९० च्या आसपास हे जगातील सर्वांत प्रदूषित महानगरांपैकी एक मानले जाई. नोव्हेंबर १९८९ मध्ये ‘ओय नो सिर्कुला’ योजना आली. ‘आज गाडी नाही’ असा तिचा अर्थ आहे. नंबराच्या शेवटच्या अंकानुसार प्रत्येक गाडी आठवड्यातून एक दिवस घरी राहणार होती. धूरतपासणीही याच सुमारास सक्तीची झाली.

१६/ तपासणीसाठी तेथे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदले. एकीकडे अनेक मार्गिकांची मोठी केंद्रे होती, दुसरीकडे परवाना मिळालेली शेकडो गॅरेजे. अपेक्षेप्रमाणे लोक गॅरेजांकडे वळले आणि तेथील प्रमाणपत्रांवरचा विश्वास उडत गेला. १९९० च्या दशकाच्या मध्यात प्रशासनाने निर्णय घेतला की तपासणी व दुरुस्ती एकत्र करणाऱ्यांचा तपासणीचा अधिकार संपुष्टात आणायचा. दोष मेक्सिकोतल्या मेकॅनिकच्या स्वभावात नव्हता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊन वर चोराला दूषणे देण्यात अर्थ नसतो, हे प्रशासनाच्या ध्यानात आले होते.

१७/ नव्या व्यवस्थेत परवान्यांची संख्या मर्यादित ठेवण्यात आली. त्यामागील तर्क असा की केंद्रे फार असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला गाड्या थोड्या येतात, शुल्कात भागत नाही, आणि मग गैरमार्गाने भर घालावीशी वाटते. केंद्रे थोडी व फायद्यात असतील तर परवाना हीच एक मोठी मालमत्ता होते आणि ती गमावण्याचे भय माणसाला सरळ ठेवते. जोडीला संगणकीकृत चाचण्या व मध्यवर्ती नोंदी आल्या. मात्र मक्तेदारीने शुल्क वाढू नये व रांगा लांबू नयेत, याची जबाबदारी आता सरकारवर आली.

१८/ हे सर्व करूनही खोट पूर्ण गेली नाही. अर्थतज्ज्ञ पाउलिना ओलिवा यांनी नंतरच्या काळातील नोंदींचा अभ्यास केला. लागोपाठ तपासलेल्या दोन ‘वेगळ्या’ गाड्यांच्या धुराचे आकडे संशयास्पद रीतीने सारखे येत होते. दोष असलेल्या गाडीऐवजी एखादी स्वच्छ गाडी पुन्हा पुन्हा यंत्रावर चढवली जात होती. जुन्या गाड्यांच्या मालकांपैकी किमान दहा टक्क्यांच्या आसपास लोक लाच देऊन सुटत असावेत, असा अंदाज त्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. परवान्यावर मर्यादा घालून मोह कमी होतो, नाहीसा होत नाही.

१९/ परवान्यांच्या संख्येचा परिणाम खरोखर किती, याचे मोठे उत्तर न्यूयॉर्क राज्यातून आले. तेथे खासगी केंद्रेच तपासणी करतात. २०१३ मध्ये चार संशोधकांनी ११ हजारांहून अधिक केंद्रांतील सुमारे २ कोटी ८० लाख तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आसपास प्रतिस्पर्धी जितके अधिक, तितक्या अधिक गाड्या पास होत होत्या. नापास झालेला मालक पुढच्या वेळी दुसरे केंद्र गाठत होता. स्पर्धेमुळे दर्जा उंचावतो, हा बाजाराचा लाडका नियम येथे उलटा लागू पडत होता.

२०/ त्यांच्यापैकी दोघांनी त्याआधी, २००८ मध्ये, आणखी एक गोष्ट दाखवली होती. एकच तपासनीस एक केंद्र सोडून दुसऱ्यात नोकरीला गेला की त्याचा कडकपणा नव्या केंद्राच्या रीतीप्रमाणे बदलतो. ढिल्या केंद्रात तो ढिला होतो, कडक केंद्रात कडक. म्हणजे ‘प्रामाणिक माणसे नेमा’ हा उपाय अपुरा आहे. ज्या गादीवर माणूस बसतो त्या गादीचे अर्थकारण त्याच्या वर्तनाला वळण लावते. परवाना देणाऱ्याने ही गादीच नीट घडवायला हवी.

२१/ आता भारत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमाने वापरातल्या वाहनांना धुराची मर्यादा लागू केली. नवे वाहन एक वर्षाचे झाले की पीयूसी बंधनकारक होते. जुन्या वाहनांना ते दर सहा महिन्यांनी, तर भारत स्टेज चार व त्यापुढील मानकांच्या वाहनांना वर्षाला काढावे लागते. परवाने राज्यांची परिवहन खाती देतात. पेट्रोल गाडीचे इंजिन जागेवर चालू ठेवून प्रामुख्याने कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात, तर डिझेल गाडीच्या धुराची दाटी पाहतात. ओझोनला कारणीभूत असलेली नायट्रोजनची ऑक्साइडे या नेहमीच्या चाचणीत मोजलीच जात नाहीत.

२२/ रचना पाहिली तर ती कॅलिफोर्नियाच्या जुन्या वाटेशी नाते सांगते. केंद्रे पुष्कळ व लहान, शुल्क अल्प, आणि केंद्राची निवड मालकाच्या हाती. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये असा आदेश दिला. २०१९ च्या कायदादुरुस्तीने दंडाची कमाल रक्कम १० हजार रुपयांवर गेली. दोन्ही उपायांनी कागदाची मागणी वाढली. परंतु कागद खरा आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. कागद महाग झाला की खोटा कागदही महाग होतो.

२३/ दिल्लीतील वाहनप्रदूषणाविषयीचा भारताच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला. मर्यादेपेक्षा जास्त धूर ओकणाऱ्या एक लाखाहून अधिक वाहनांना पीयूसी दिले गेल्याचे त्यात नमूद आहे. हजारो प्रमाणपत्रे एका मिनिटाच्या आत निघाली होती. कित्येकदा एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक गाड्या ‘तपासल्या’ गेल्या होत्या. यंत्र होते, परवाना होता, नियम होता. कुंपणच शेत खाऊ लागले तर शेताच्या मोजणीने काय साधणार?

२४/ कुंपण सुधारता येते का? त्याचा एक पुरावा गुजरातेत आहे, जरी तो वाहनांचा नसून कारखान्यांचा आहे. तेथे प्रदूषणाचे लेखापरीक्षक कारखानदारच निवडत व त्यांचे शुल्कही तेच देत. संशोधक व राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी मिळून काही कारखान्यांपुरती रीत बदलली. परीक्षक चिठ्ठी टाकावी तसे नेमले, पैसे सामाईक निधीतून दिले आणि काही ठिकाणी फेरतपासणी केली. परीक्षकांचे अहवाल खऱ्याच्या जवळ आले, आणि पुढे कारखान्यांनी प्रदूषणही घटवले. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शहाणपण हेच की तपासणाऱ्याची भाकरी तपासल्या जाणाऱ्याच्या हातात ठेवू नये.

२५/ भारतीय नियमांतही या धड्याची खूण उमटू लागली आहे. वाहनांच्या योग्यता प्रमाणपत्रासाठी स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम २०२१ मध्ये आले. अशा केंद्राला दुरुस्ती, वाहनविक्री किंवा सुट्या भागांची विक्री यांत पडण्यास त्यांनी मनाई केली आहे. अमेरिकेच्या १९९२ च्या नियमामागे नेमके हेच तत्त्व होते. पीयूसीच्या व्यवस्थेत मात्र मालकाने केंद्र निवडायचे, मालकानेच पैसे मोजायचे आणि पसंत न पडल्यास पुढच्या पंपावर जायचे, ही रीत अजून चालू आहे.

२६/ लॉस एंजेलिसच्या धुक्यापासून दिल्लीच्या अहवालापर्यंतच्या या प्रवासात यंत्रे पार बदलली. परवान्यापुढचे प्रश्न मात्र तेच तीन राहिले: तपासणारा दुसरा कोणता धंदा करतो, त्याला शेजारी किती, आणि त्याला निवडतो कोण? ज्या समाजांनी ही उत्तरे सोयीवर सोडली, त्यांना सोय मिळाली. हवेची किंमत भरली ती धुक्यात खोकणाऱ्या मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी, ज्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावावर एकही गाडी नव्हती.